शरद संपात: या आठवड्यात सूर्य रोज सरकताना दिसतो, बघणार का?

क्षितिजवेडी

मंडळी, यंदाचा (2026) शरद संपात 23 सप्टेंबरला भारतीय वेळेप्रमाणे पहाटे 5 वाजून 35 मिनिटांनी आहे. त्या क्षणी सूर्य खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशात वाढवलेली रेषा) ओलांडून दक्षिणेकडे उतरतो आणि उत्तर गोलार्धात शरद ऋतू सुरू झाला असं खगोलशास्त्र मानतं.

दरवर्षी या सुमाराला "आज दिवस-रात्र समान" असा निरोप सगळीकडे फिरतो. लोक वाचतात, पुढे पाठवतात आणि विसरतात. मला हळहळ वाटते ती याची, की या दिवसांत खरोखर डोळ्यांनी बघण्यासारखं जे असतं त्याचा त्यात उल्लेखच नसतो. वर्षभरात सूर्य उगवण्याची जागा सगळ्यात झपाट्याने सरकते ती संपातांच्या आसपास. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, या दिवसांत रोज सुमारे 24 कलांनी बदलते (60 कला म्हणजे एक अंश). सूर्यबिंबाची रुंदी 32 कला. म्हणजे आज जिथून सूर्य वर आला, उद्या तिथून बिंबाच्या पाऊण रुंदीइतका दक्षिणेला सरकून येणार. आठवडाभरात पाच बिंबांहून जास्त! हेच जून किंवा डिसेंबरच्या अयनदिनाजवळ बघाल तर आख्ख्या आठवड्यात दोन-तीन कलांचा फरक पडतो, तो नुसत्या डोळ्यांना कळणं शक्यच नाही.

त्यासाठी काहीही विकत घ्यायचं नाही. पूर्वेचं क्षितिज दिसेल अशी एक जागा ठरवा: गच्ची, खिडकी, मोकळं मैदान, काहीही. रोज त्याच फरशीवर उभं राहायचं, पाऊलभरसुद्धा इकडेतिकडे नाही. मी गच्चीवर खडूने दोन पावलं आखून ठेवली आहेत. समोर दूरवर एक खूण धरायची. माझ्यासमोर पाण्याच्या टाकीची उभी कड आहे. काल सूर्याची डावी कड टाकीला चिकटून वर आली होती, आज बिंब आणि टाकी यांच्यात स्वच्छ फट पडली. मधे ढगांचा एक दिवस गेला तर दुसऱ्या सकाळी ती उडी आणखी ठळक दिसते.

दोन सूचना. बिंब क्षितिजावर लालसर, मंद असतानाच बघायचं आणि तेही क्षणभर. आणि दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे अजिबात बघायचं नाही.

दुसरं काम 23 तारखेच्या दुपारचं. एक मीटरची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी रोवा आणि सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा ती मोजा. घड्याळातले बारा धरू नका, प्रत्येक ठिकाणचा मध्यान्ह वेगळा असतो. या एका मापावरून तुम्ही पृथ्वीवर कुठल्या अक्षांशावर उभे आहात ते कळतं. कसं, ते पुढे लिहिते.

या धाग्यावर कुणी गाव-शहर लिहू नये, फक्त अक्षांश सांगावा अशी विनंती. आपण सगळे कुठे कुठे पसरलो आहोत ते सावल्यांनाच सांगू द्या. माझा अक्षांश 19 अंश उत्तर.

रानजाई

किती सुंदर धागा! उद्यापासून मुलीला घेऊन गच्चीवर. एक शंका: मागच्या वर्षी संपात 22 सप्टेंबरला होता असं आठवतंय, यंदा 23 कसा?

क्षितिजवेडी

बरोबर आठवतंय तुम्हाला. 2025 मध्ये तो 22 सप्टेंबरला रात्री 11:49 ला होता. ऋतूंचं वर्ष 365 दिवस आणि पावणेसहा तासांहून थोडंसं जास्त असतं, त्यामुळे दरवर्षी संपात तितका पुढे सरकतो. 2027 ला 23 सप्टेंबरच्या सकाळी 11:32 ला येईल. 2028 लीप वर्ष, फेब्रुवारीतला जादा दिवस सगळा हिशेब मागे ओढतो आणि संपात पुन्हा 22 तारखेच्या संध्याकाळी 5:15 ला. लीप दिवसाची दुरुस्ती किंचित जास्त होते, म्हणून शतकभरात तारीख हळूहळू अलीकडे घसरत जाते. जागतिक वेळेप्रमाणे 2092 मध्ये शरद संपात 21 सप्टेंबरला येईल. 24 सप्टेंबरला तो शेवटचा 1931 मध्ये आला होता, आणि आता थेट 2303 मध्ये येईल.

यंदा आपल्यासाठी एक छान योग आहे. संपाताचा क्षण सूर्योदयाच्या थोडाच आधी पडतोय. त्यामुळे 23 च्या सकाळी सूर्य जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवताना दिसेल. घराच्या दिशा तपासून घ्यायच्या असतील तर याहून चांगली सकाळ नाही.

शंकूची सावली

ताई, धागा वाचून फार आनंद झाला. सावलीचा विषय काढलात म्हणून लिहितो.

संपाताच्या मध्यान्ही पडणाऱ्या सावलीला आपल्या ज्योतिषगणितात स्वतःचं नाव आहे: पलभा. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी रोवलेली काठी, घ्यायची, संपाताच्या दिवशी ऐन मध्यान्ही त्याची सावली अंगुळांत मोजायची, ती त्या स्थळाची पलभा. उज्जैनची पलभा पाच अंगुळांहून किंचित जास्त भरते. पूर्वीच्या गणकाला नवीन ठिकाणी पंचांग करायचं तर तिथली पलभा हवीच, कारण दिवसमान, लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास), चर (अक्षांशामुळे सूर्योदयाच्या वेळेत पडणारा फरक) असं सगळं तिच्यावरूनच निघायचं. त्या माणसाला अक्षांश अंशांत सांगायची गरजच नव्हती, त्याच्यासाठी जागेची ओळख म्हणजे तिची सावली.

गणित सोपं आहे. सावलीची लांबी भागिले काठीची उंची, हे झालं अक्षांशाचं टॅन्जंट. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर टॅन्जंट उलटं फिरवलं (tan⁻¹ चं बटण) की अंश मिळतात. हे इतकं सरळ वर्षातून दोनच दिवशी जमतं. इतर दिवशी सूर्याची क्रांती मिळवावी किंवा वजा करावी लागते.

अजून एक प्रयोग सांगतो, हा मला सगळ्यात आवडतो. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडूने ठिपका द्या. एरवी हे ठिपके वक्र रेषेत पडतात, उन्हाळ्यात एका बाजूला वाकलेले आणि हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला. संपाताच्या दिवशी ते एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पश्चिम-पूर्व असते. आठवडाभर आधीचे ठिपके आणि त्या दिवशीचे ठिपके एकाच फरशीवर ठेवून बघा. फुटपट्टी लावली की फरक कळतो.

कोवळं ऊन

शंकूची सावली, काका, सावलीचं टोक फार पुसट दिसतं. गेल्या वर्षी मुलांबरोबर केलं तेव्हा नेमकं कुठे मोजायचं यावरून वाद झाला होता.

शंकूची सावली

ते पुसट असणारच. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या टोकाशी सेंटीमीटरभर अर्धवट छाया पडते. उपाय असा: काठीच्या टोकावर पुठ्ठ्याचा तुकडा लावा आणि त्याला पेन्सिलीच्या टोकाएवढं छिद्र पाडा. जमिनीवर पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा छोटा गोल पडेल. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमाच. त्याच्या मध्यावर खूण करायची. काठीची उंची मात्र मग जमिनीपासून छिद्रापर्यंत मोजा.

उत्तरवारा

मी 52 अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य सरकतो म्हणजे अक्षरशः पळतो. दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखडतोय. 19 अंशांवर हाच फरक मिनिटभराचा असतो, म्हणून तिकडे राहणाऱ्यांच्या तो अंगावर येत नाही. इथे तो आठवड्याला अर्धा तास होतो. मागच्या सोमवारी कामावरून परतताना ज्या वळणावर डोळ्यांवर ऊन येत होतं, तिथे आता संधिप्रकाश असतो.

पहिल्या वर्षी मला याची भीती वाटायची, आता मी याची वाट बघतो. ऋतू बदलतोय हे कॅलेंडरला विचारावं लागत नाही, तो माझ्या समोरून जातो.

एक गोष्ट मोजून बघा: सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून बिंब पूर्ण बुडेपर्यंतचा वेळ. संपाताजवळ तो वर्षातला सर्वात कमी असतो. माझ्याकडे साडेतीन मिनिटांच्या आसपास येतो. क्षितिजवेडी, तुमच्याकडे सव्वादोन यायला हवा.

तंत्रभान

मूळ धाग्यात "दिवस-रात्र समान" याला बाजूला ठेवलंय ते योग्यच, पण का ते लिहायला हवं.

सूर्य नुसता ठिपका असता आणि पृथ्वीला वातावरण नसतं, तर संपाताला दिवस आणि रात्र बरोबर बारा-बारा तासांचे झाले असते. प्रत्यक्षात दोन गोष्टी दिवसाच्या पारड्यात पडतात. एक, सूर्योदय आपण बिंबाची वरची कड दिसली की धरतो, मध्य नव्हे. तिथे 16 कला मिळाल्या. दोन, वातावरण प्रकाश वाकवतं, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली सुमारे 34 कला असतानाच दिसू लागतो. एकूण 50 कला. पृथ्वीला तेवढं फिरायला विषुववृत्तावर 3 मिनिटं 20 सेकंद लागतात. सकाळ-संध्याकाळ मिळून 6 मिनिटं 40 सेकंद. अक्षांश वाढला की हा फायदा वाढतो, 52 अंशांवर तो अकरा मिनिटांच्या जवळ जातो.

मग खरोखर बारा तासांचा दिवस कधी? शरद संपातानंतर. 52 अंशांवर तीन दिवसांत, 19 अंशांवर सुमारे आठवड्याने, म्हणजे 29-30 सप्टेंबरला. विषुववृत्तावर मात्र कधीच नाही, तिथे वर्षभर दिवस रात्रीहून मोठा असतो.

आणि उत्तर ध्रुवावर? तिथे संपातानंतरही दोन-एक दिवस सूर्य क्षितिजावरून गोल फिरताना दिसत राहतो आणि मग सहा महिन्यांसाठी जातो. अंधार मात्र लगेच पडत नाही, संधिप्रकाश कित्येक आठवडे रेंगाळतो.

दक्षिणायन

34 अंश दक्षिणेहून नमस्कार. शरदाचं स्वागत चालू आहे, आनंद आहे, पण माझ्याकडे याच क्षणी वसंत सुरू होतो. म्हणून मी याला सप्टेंबर संपात म्हणते. निम्मं जग उलट्या बाजूने हा क्षण बघतंय हे धाग्यात असावं.

काल सकाळी तुमच्याप्रमाणे खूण धरून बघितलं. पूर्वेकडे तोंड केलं की सूर्य उजवीकडे सरकतोय. तुमच्याकडेही उजवीकडेच! दक्षिण दोघींच्या उजव्या हाताला. वेगळेपण सुरू होतं ते उगवल्यानंतर. तुमचा सूर्य वर चढताना उजवीकडे कलतो, माझा डावीकडे. दुपारी तो माझ्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तुमच्याकडे उजवीकडे सरकणं म्हणजे दिवस लहान होणं, माझ्याकडे मोठं होणं. सरकणं तेच, अर्थ दोन.

क्षितिजवेडी

दक्षिणायन, मनापासून आभार. शीर्षकात शरद ठेवते कारण इथे बहुतेकजण उत्तरेत आहेत, पण तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य. तुमच्या सावलीचं माप नक्की द्या.

पाणकणीस

थोडा वेगळा सूर लावतो. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक हे आपण पाठ केलेलं. चांद्र महिने दरवर्षी मागेपुढे होतात, अधिक महिना येतो. त्यातून सूर्य तूळ राशीत जातो ऑक्टोबरच्या मध्यावर. मग 23 सप्टेंबरला शरद सुरू झाला असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

शंकूची सावली

पाणकणीस, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता.

दोन वेगळी वर्षं आहेत. एक सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात पुन्हा त्याच जागी येतो ते नाक्षत्र वर्ष, दुसरं संपातापासून संपातापर्यंतचं सायन वर्ष. दोघांत फक्त 20 मिनिटांचा फरक. पण 20 मिनिटं साठत जातात. पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक संथ गिरकी घेतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दर 72 वर्षांना एक अंश मागे सरकतो. सुमारे 1700 वर्षांपूर्वी शरद संपात चित्रेच्या जवळ होता, म्हणजे कन्या-तुळेच्या सीमेवर. तेव्हा तुळेतला प्रवेश आणि संपात एकाच दिवशी व्हायचे. आज तो बिंदू उत्तरा फाल्गुनीत आहे. मधल्या काळात साठलेलं हे अंतर म्हणजे अयनांश, सध्या 24 अंशांच्या वर. म्हणून तूळ संक्रमण संपातानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी येतं.

आता ऋतू कशाने ठरतात? ऊन किती तिरपं पडतं आणि दिवस केवढा आहे यावरून. ते दोन्ही संपाताला बांधलेलं आहे, ताऱ्यांना नाही. झाडाला चित्रा नक्षत्र दिसत नाही, त्याला दिवसाची लांबी कळते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: ऋतूसाठी सायन गणनाच धरायला हवी. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनेही तेच धरलं. त्यातून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात वर्ष वसंत संपाताच्या लगत सुरू होतं आणि आश्विनाची 1 तारीख दरवर्षी 23 सप्टेंबरलाच येते. आश्विन आणि शरद संपात यांची गाठ तिथे कायमची बसवली आहे. इतकी नेटकी दिनदर्शिका सरकारी कागदांवर तारखेपुरती उरली याचं मला वाईट वाटतं.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं म्हटलंय. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा, तेव्हा वसंत संपात त्यांच्याजवळ होता. कुणीतरी तेव्हाही सकाळी एका जागी उभं राहून क्षितिजावर खूण धरली असणार.

तंत्रभान

वर्षाचा आरंभच शरद संपाताला करणारी दिनदर्शिकाही होऊन गेली. फ्रान्समध्ये 22 सप्टेंबर 1792 ला प्रजासत्ताक जाहीर झालं, त्या दिवशी संपातही होता. मग क्रांतिकारकांनी वर्ष पॅरिसच्या संपात-दिवशी सुरू करायचं ठरवलं. 1805 च्या अखेरीपर्यंत ती चालली.

कोवळं ऊन

वाचतेय. खूप शिकायला मिळतंय.

रानजाई

माझा प्रश्न साधा आहे. मार्चच्या संपाताला आणि सप्टेंबरच्या संपाताला ऊन सारखंच पडतं ना? मग आत्ता हवेत अजून ऊब आहे आणि मार्चमध्ये थंड प्रदेशांत बर्फ असतो, असं का?

उत्तरवारा

कारण समुद्र. पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. जून ते सप्टेंबर उत्तर गोलार्धातल्या समुद्राने उष्णता साठवलेली असते, ती तो आता हळूहळू सोडतो. मार्चमध्ये त्याने हिवाळाभर उष्णता गमावलेली असते. आर्क्टिकचा समुद्री बर्फ वर्षातला सर्वात कमी जूनमध्ये नसतो, तो सप्टेंबरच्या मध्याला किंवा नंतर असतो, अगदी संपाताच्या तोंडावर. आणि त्याच सुमाराला अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ सर्वात जास्त पसरलेला असतो. एकाच संपाताला दोन्ही टोकं.

म्हणूनच इथले लोक म्हणतात की शरदाचा पूर्वार्ध हा उन्हाळ्याची शिल्लक असतो.

पाणकणीस

काका, पटलं. आता मला माहीत असलेलं सांगतो, वनस्पती माझा विषय.

पानगळ थंडीमुळे होते असा समज आहे. थंडी मदत करते, पण इशारा देते ती रात्रीची वाढती लांबी. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्यावरून झाडाला अंधार किती वेळ होता ते कळतं. रात्री ठरावीक मर्यादेपलीकडे लांबल्या की समशीतोष्ण प्रदेशातलं झाड आवराआवर सुरू करतं. हरितद्रव्य मोडून त्यातला आणि प्रथिनांतला नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतं. हिरवा रंग उतरला की आधीपासून पानात असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड्स उघडी पडतात. पिवळा रंग नव्याने येत नाही, तो उन्हाळाभर हिरव्याखाली दडलेला असतो.

लाल रंगाची गोष्ट उलटी. तांबडी-जांभळी अँथोसायनिन्स पान मरता मरता नव्याने तयार करतं. जे पान टाकूनच द्यायचं त्यावर झाड इतका खर्च का करतं, यावर अजून वाद आहे. एक मत असं की उरलेला नायट्रोजन काढून घेईपर्यंत हा रंग पानाला तीव्र उन्हापासून वाचवतो. स्वच्छ ऊन आणि गार पण न गोठवणाऱ्या रात्री असल्या की लाली जास्त खुलते. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. एखादं पडलेलं पान उचलून देठाचं टोक बघा. फाटल्यासारखं नसतं, सफाईदार, वाळून मिटलेलं असतं. झाडाने ती जखम पान पडण्याआधीच भरून ठेवलेली असते.

पक्ष्यांनाही हाच इशारा. पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा या दिवसांत रात्री अस्वस्थ होतात, ज्या दिशेला जायचं त्या बाजूला फडफडत राहतात. 2022 च्या ऑक्टोबरात अवघ्या पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट (किनाऱ्यावर चरणारा स्थलांतरी पक्षी) अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता उडाला, 13,500 किलोमीटरहून जास्त, अकरा दिवस. समुद्रावर त्याला टेकायलाही जागा नव्हती. दिवस लहान होण्यात केवढी ताकद आहे बघा.

दक्षिणायन

ते पक्षी आमच्याकडे येतात! तुमचा शरद इथे वसंत होऊन उतरतो असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं. चिखलाच्या किनाऱ्यावर चोच खुपसून दिवसभर खात असतात.

रानजाई

संपाताला अंडं टोकावर उभं राहतं म्हणतात ते?

तंत्रभान

वर्षाच्या कुठल्याही दिवशी राहतं, धीर लागतो. संपाताचा अंड्याच्या तोलाशी काही संबंध नाही.

संपाताचा खरा संबंध कशाशी आहे ते सांगतो, मी त्याच क्षेत्रात काम करतो. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारे, विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतात. वर्षातला बहुतेक काळ पृथ्वीची सावली त्यांच्या वरून किंवा खालून निघून जाते. संपाताच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे सूर्य त्यांच्या कक्षेच्या पातळीत येतो आणि उपग्रह रोज मध्यरात्रीच्या सुमाराला पृथ्वीच्या सावलीत शिरतो. संपाताला ही ग्रहणं सर्वात लांब, सुमारे 72 मिनिटांची. तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर, म्हणून आमच्यासाठी हे दिवस जागरणाचे.

दुसरा परिणाम तुम्हीही बघितला असेल. शरद संपातानंतरच्या काही दिवसांत उत्तर गोलार्धात डिश टीव्हीचं चित्र दिवसा काही मिनिटं बिघडतं, दुसऱ्या दिवशी जवळपास त्याच वेळी पुन्हा. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडतो. अँटेना हलवू नका, आपोआप ठीक होतं.

उत्तरवारा

ध्रुवीय प्रकाशही संपातांच्या आसपास जास्त दिसतात. सूर्यवाऱ्याचं (सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाचं) चुंबकीय क्षेत्र आणि पृथ्वीचं क्षेत्र यांची मांडणी या दिवसांत एकमेकांत गुंतायला सोयीची असते. रसेल आणि मॅकफेरन या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये ते कारण मांडलं. मी दर वर्षी उत्तर क्षितिजाकडे नजर ठेवून असतो.

क्षितिजवेडी

23 तारखेची मापं द्या आता. माझ्याकडे सकाळी बिंब टाकीपासून लांब गेलेलं, मधे दोन बिंबं बसतील इतकी जागा. दुपारी एक मीटर छिद्र-काठीची सावली 34.5 सेंटीमीटर. म्हणजे 19 अंश.

उत्तरवारा

129 सेंटीमीटर. 52 अंशांना 128 हवी होती, पण माझा मध्यान्ह संपातानंतर बऱ्याच तासांनी आला, तोवर सूर्य आणखी दक्षिणेला गेला होता. सूर्यास्ताला ढग आले, तो वेळ उद्या मोजतो.

दक्षिणायन

67 सेंटीमीटर, दक्षिणेला. मला मध्यान्ह संपाताच्या थोडा नंतरच मिळाला. मुलांनी खडूचे ठिपके जोडले तर रेषा इतकी सरळ आली की धाकट्याला वाटलं मी आधीच आखून ठेवली होती.

शंकूची सावली

वा! आता बघा, 129 आणि 34.5 वरून उत्तरवारा आणि ताई यांच्यात 33 अंशांचं अंतर निघतं. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. दोघं उत्तर-दक्षिण दिशेने एकमेकांपासून सुमारे 3,660 किलोमीटरवर आहात, आणि हे आपल्याला दोन काठ्यांनी सांगितलं. दक्षिणायन तर ताईंपासून 53 अंशांवर, जवळजवळ 5,900 किलोमीटर.

कोवळं ऊन

आमच्याकडे दिवसभर आभाळ भरून होतं. मुलं हिरमुसली. उद्या मोजलं तर चालेल का, की आता मार्चपर्यंत थांबायचं?

क्षितिजवेडी

उद्या नक्की मोजा. एका दिवसाने सूर्याची क्रांती 0.4 अंश बदलते, म्हणजे दुरुस्ती न करता मोजलंत तरी उत्तर फक्त 44 किलोमीटरने चुकेल. उत्तर गोलार्धात असाल तर आलेल्या अंशांतून संपातानंतरच्या दर दिवसाला 0.4 वजा करा, उत्तर जागेवर येईल. पुढचे चार-पाच दिवस असंच चालेल. मुलांना ठिपक्यांची रेषाही काढायला सांगा, एका दिवसात आलेला बाक डोळ्यांना कळत नाही. आणि मापाबरोबर काठीची उंची लिहायला विसरू नका.